शेऱ्याचा रकाना

गेटवर नोटीस लागली त्या दिवशी
बॉयलरहाउसमधून मी एकच वस्तू उचलली:
कोरं लॉगबुक, दोनशे पानी,
डब्याच्या पिशवीत, पोळ्यांच्या फडक्याखाली.
चोरीच ती. वॉचमन मढवीने पाहिलं
आणि रबाळे नाक्याकडे तोंड फिरवलं.

एकोणीस वर्षं दर तासाला लिहीत आलो,
वेळ, वाफेचा दाब, काचेतलं पाणी,
शेरा, सही.
शेऱ्यात बहुतेकदा "ठीक".

आता घणसोलीत, सिडकोच्या तिसऱ्या मजल्यावर,
सकाळी सहाला, फर्स्ट शिफ्टच्या वेळेला
ओट्यापाशी उभ्यानेच पुस्तक उघडतो.
वेळ: ६.००.
दाब:
इथे पहिल्याच दिवशी पेन अडलं.
कशाचा दाब?
मग कुंदाचा लिहिला, तिच्या मनगटावरच्या यंत्रातला.
एकशे पन्नास, शंभर.
पाणी: टाकी अर्धी. दुपारचं सोसायटीने बंद केलंय.
शेरा: ठीक.

असे चाळीस दिवस ठीक.
वाशीला पीएफच्या खिडकीवर ठीक,
युनियनच्या सभेत, चहाचे पैसे कोण देणार
यावर सगळे गप्प बसले तेव्हाही ठीक.

एक्केचाळिसाव्या दिवशी मृणाली म्हणाली,
"कॉलेज पुढच्या वर्षी बघू ना, बाबा,"
चपातीचा तुकडा मोडता मोडता, सहज, इतकी सहज
की मला तिचा चेहरा बघवेना.
दुसऱ्या दिवशी सहा वाजता
ठीक लिहायला हात उचलला
आणि पाटणकर आठवला.

तो न बघता आकडे भरायचा,
आदल्या रात्रीचेच खाली उतरवून.
अक्षर छापल्यासारखं.
त्याला काही झालं नाही.
मदतनीस पोराचा हात गेला, कोपरापासून.
नव्या माणसाला आम्ही हेच आधी सांगायचो:
चूक लिही, खाडाखोड कर,
पण जे दिसत नाही ते लिहू नकोस.

मी लिहिलं: फी भरली नाही. भरू शकलो नाही.
शेऱ्याचा रकाना दोन बोटं रुंद.
वाक्य सहीच्या रकान्यात घुसलं,
मग खालच्या ओळीत, मग पान संपलं.
चहा निवून गेला होता.
गवळीदेवच्या डोंगरामागून ऊन आलं तरी लिहितच होतो,
मला माहीत नसलेलं,
माझ्याच अक्षरात.

कुंदाने ते वाचलं असणार.
म्हणाली एवढंच, "माझं बीपी असं चव्हाट्यावर?"

नंतर तापाने पडलो. तीन दिवस
भिंतीकडे तोंड करून.
चौथ्या दिवशी पुस्तक उघडलं, सवयीने,
कोरी पानं सोडावी लागणार म्हणून खट्टू होऊन.
कोरी नव्हती.
वेळ: ६.४०.
दाब: माझा नाही घेतला. त्यांना १०२ ताप.
पाणी: दोन बादल्या, खालून आणलं.
शेरा: ऑपरेटर झोपलाय. उठवला नाही.
सहीच्या जागी माझं नाव,
आणि त्याच्यापुढे बारीक अक्षरात
"करिता".

आज पान एकाहत्तर.
कंपनीची बस थांबायची त्या वळणावर
कुणी तरी शहाळ्यांची गाडी लावलीय.
दाब: एकशे चाळीस, नव्वद.
पाणी: अजून आलेलं नाही.
शेरा:

थांबा,
पाइपात आवाज होतोय.
बघून येतो, मग लिहितो.