ऐच्छिक

पुंता अरेनासला शनिवारची दुपार. वारा असा
की कुत्रीसुद्धा भिंत धरून चालतात.
लोकर कंपनीच्या ऑफिसात नोल्बेर्तो बारिया
सगळ्यात आधी अर्थिंग देतो:
जाड हिरवी तार,
अंगणात खोल ठोकलेल्या तांब्याच्या कांबीपर्यंत.
"जमिनीशी बोलणं झाल्याशिवाय
कुणाशीच बोलायचं नसतं," तो पोराला सांगतो.
पोरगं मोजतंय. आठ लाइनी, चोवीस एक्स्टेन्शनं,
एक तार उरलीच कशी?

मग खोक्याच्या तळाचं, यादीत ‘ऐच्छिक’ म्हटलेलं.
दाराचा फोन: नको, येणारा हाक मारतो.
होल्डवरचं संगीत: मालक म्हणाले,
ताटकळणाऱ्याला वारा ऐकू येतोच की.
बॅटरी पुढच्या वर्षी बघू.
आणि एक दिवा, घंटेऐवजी लुकलुकणारा.
तो सुनिल्दाबाईंनी पदरचे पैसे घालून मागवलाय,
गोदामातल्या ओयार्सोसाठी.
तीस वर्षं गासड्यांच्या यंत्राशेजारी उभं राहून
त्याचे कान गेले. बोटं शाबूत आहेत,
लोकरीची प्रत अजून तीच सांगतात.

स्विच. पंखा घरघरतो.
लाल. लाल.
नोल्बेर्तो पेटीला कान लावून बसलाय.
लाल.
हिरवा!

मालकांचा हात रिसीव्हरकडे निघालेला,
तेवढ्यात बाईंनी एकवीस दाबलासुद्धा.

गोदामात उजेड उघडझाप करतो
पांढऱ्या ढिगांवर.
ओयार्सो वळतो, तेलकट हात विजारीला पुसतो,
रिसीव्हर उलटा धरतो
आणि त्यात ओरडतो,
"दिसतंय! दिसतंय!"