अंगावरचे सोडून

डिचोलीच्या कोर्टाबाहेर बदामाच्या झाडाखाली
माझे टेबल. एक पाय आखूड,
त्याखाली रद्द झालेला मुद्रांक
चौपदरी दुमडून घातलाय.

प्रेमावती मळीक आली तेव्हा
जेवणाची सुट्टी संपत आली होती.
नवरा सारमानसच्या धक्क्यावर
बार्जीच्या पोटात उतरला होता, पंप बघायला,
आणि वर आला तो चौघांनी धरून.
दावा वीस लाखांचा.
त्यावरची कोर्ट फी मी मोठ्याने वाचली नाही,
कागदावर लिहून पुढे सरकवली.
तिने आकडा बोटाने पुसून पाहिला.
«इतके असते तर
बार्जीवर कोण गेला असता, बाब?»

वकीलबाई कायदा मदतीच्या, नव्या, घामाने निथळलेल्या,
म्हणाल्या, सोय आहे. निर्धन म्हणून अर्ज करू.
«निर्धन नका लिहू. हात आहेत मला.»
शब्द कायद्याचा आहे हो, तुमचा नव्हे.
ती गप्प राहिली. मी कागद चढवला.

अंगावरच्या आवश्यक कपड्यांखेरीज
जे जे तुमचे, ते सगळे सांगायचे.

घागर, पितळेची, चेपलेली.
खुर्च्या दोन. एक जत्रेला दिली ती परत आली नाही,
तरी लिहा, माझीच ती.
कोंबड्या चार. काल पाच होत्या.
घर भाटकाराच्या जमिनीत,
मुंडकार म्हणून नाव लागायचे आहे, सासऱ्यापासून लागायचेच आहे.
दारातला फणस.
वकीलबाईंनी डोळ्यांनी खुणावले, फणस नको.
«का नको? धरतो की तो.»
पण निम्म्या फांद्या शेजाऱ्याच्या अंगणात,
म्हणून टाइप केले: फणस, अर्धा.
गमबूट, एक जोड.
«ते त्याचे,» ती म्हणाली,
आणि मग बराच वेळाने,
«का आता माझे?»
कायद्यात याचे उत्तर असणार.
मी किंमतीच्या रकान्यात शून्य मारले
आणि रिबन अडकल्याचे नाटक करून खाली बघत बसलो.

तारखेला सरकारी वकील उठले.
कानांत काय आहे?
तिने चाचपून पाहिले, जणू विसरलीच होती.
«फुलां. आईची.»
यादीत नाहीत.
«अंगावरचे सोडून म्हटले ना तुम्ही?»
मागच्या बाकावर कुणीतरी हसले.
न्यायाधीश हसले नाहीत. म्हणाले, कपडे, बाई.
फक्त कपडे.

त्या दिवशी पुरवणी यादी झाली, एका ओळीची.
मग तलाठी येऊन घर बघून गेला.
कोंबड्या तोवर तीन.
एक त्यालाच रांधून घातली की काय,
मी विचारले नाही.

आदेश आला चवथ होऊन गेल्यावर.
अर्ज मंजूर, दावा दाखल.
वकीलबाईंनी तिला समजावले
पडेल आवाजात, वाईट बातमी सांगावी तसे:
आज फी भरायची नाही, पण निकाल तुमच्या बाजूने लागला
तर त्या पैशांतून आधी सरकार आपले घेणार,
उरेल ते तुमचे.
मी तिच्याकडे बघायचे टाळले.
तिने मात्र तेच पुन्हा सांगायला लावले.
आधी सरकारचे? आधी सरकारचे.
इतक्या महिन्यांत पहिल्यांदा
ती माझ्या बाकड्यावर पाठ टेकून बसली.
«म्हणजे माफ न्हय,» म्हणाली. «उसनें.»
आणि पदराच्या गाठीला हात घातला.

टायपिंगचे राहू दे, मी म्हटले.
तिने चाळीस रुपये टेबलावर मोजून ठेवले,
दहाच्या तीन नोटा, बाकी नाणी.
«तुझ्याकडे मी अर्ज केला नव्हता.»

टेबल जरासे डुगडुगले.
एक नाणे घरंगळत मुद्रांकापाशी जाऊन पडले.
ते उचलायला वाकलो तोवर
ती वाळपयच्या बसला हात करत होती.