बाजू दुसरी, गाणं चौथं

गाद्यांचा कारखाना बुडाला म्हणून आम्हाला स्टुडिओ मिळाला.
भिंतींना कापूस आधीच ठोकलेला.
आयतं काम झालं, हॉयट म्हणाला,
इथला आवाज बाहेर नको, बाहेरचा आत नको.
पण मागच्या दारापासून चाळीस पावलांवर रूळ,
आणि अलाबामातल्या मालगाडीला कापसाचं कसलं भय!
ती आली की गाणं थांबायचं.
क्लीव्हन बास मांडीवर आडवा टाकून
उकडलेल्या शेंगा सोलायचा.

मी सतरा वर्षांची. माझं काम टेप गुंडाळणं, कॉफी,
आणि ऑर्लीनबाईंच्या चपला शोधणं.
त्या अनवाणी गायच्या,
चपला दरवेळी निराळ्याच कोपऱ्यात निघायच्या.

अकरा दिवसांत आठ गाणी झाली,
मापात शिवलेल्या कोटासारखी.
नवव्याच्या दिवशी त्या आल्या नाहीत.
धाकटा भाऊ लष्कराने परत पाठवला होता,
पेटी उघडू नये, अशा चिठ्ठीसकट.

रात्री साडेअकराला दार वाजलं.
अंगावर काळे कपडे, हातात झाकलेली परात:
दफनानंतरच्या जेवणातली उरलेली कोंबडी, रताळ्याचा पाय.
"आधी खा," म्हणाल्या, "आणि मला काही विचारू नका."
आम्ही खाल्लं.
व्हर्डेल ऑर्गनवाला,
बोलताना अडखळायचा, वाजवताना कधीच नाही,
त्याने तेलकट बोटं विजारीला पुसली
आणि एक सूर दाबून बसला. नुसता धरून,
जसं कुणी दार धरून ठेवतं
मागून येणाऱ्यासाठी.

हॉयटने माझ्याकडे पाहिलं. मी टेप सोडली.

कागदावर गाणं प्रियकराचं होतं. परत ये, परत ये.
शब्द तेच राहिले,
त्यांनी फक्त आतला माणूस बदलला.
वरच्या पट्टीत गळा फाटला.
फाटू दिला.
आणि शेवटच्या ओळीआधी, सगळे थांबतात तिथे,
व्हर्डेलची खुर्ची कुरकुरली.

"पुन्हा घेऊ?" हॉयटने विचारलं.
ऑर्लीनबाई वाकून चपला शोधत होत्या.
"काय पुन्हा घेणार?"

तबकडी निघाली. पाठीवर सगळ्यांची नावं,
टोप्या उसन्या देणाऱ्या दुकानाचंसुद्धा.
व्हर्डेलचं नाही. त्याच्याकडे युनियनचं कार्ड नव्हतं.
पहिल्या वर्षी चार हजारही खपली नाही.
मग ती उसनी जाऊ लागली, आणि परत येईनाशी झाली.
गॅरीच्या पोलाद कारखान्यातून एकीने लिहिलं,
आईने शेवटचे तीन आठवडे फक्त दुसरी बाजू ऐकली.
क्लीव्हलंडमधला एक न्हावी म्हणे
चौथं गाणं लागलं की मशीन बंद करायचा,
गिऱ्हाईक अर्ध्या डोक्याने बसून राहायचं.
कुणी तक्रार केली नाही.

सोल म्हणतात या गाण्यांना. आत्मा.
मला विचाराल तर आत्म्याला वजन असतं
आणि तो खुर्चीवर बसतो.

परवा नातवाने नवी आवृत्ती माझ्या कानात घातली.
भांडी घासावीत तशी लखलखीत.
खरखर गेलेली. ऑर्लीनबाई शेजारी उभ्या असाव्यात
इतक्या जवळ.
आणि शेवटच्या ओळीआधी, काहीच नाही.
खुर्ची काढून टाकली त्यांनी.

व्हर्डेल एकाहत्तर साली गेला.
फोटो नाही, थडग्यावर दगड नाही.
होती ती एवढीच एक कुरकुर.

"कसं वाटलं, आजी?"
छान, म्हटलं. पोरगं हौसेने आणतं.
मग कपाटातून जुनी काढली,
एका जागी सुई उडते ती.
ऐक आता, म्हटलं. नीट ऐक.
बरोबर त्या जागेशी आलो
आणि बाहेर मालगाडी.

मी सुई उचलली.
"काय झालं?"
काही नाही रे.
थांब. गाडी जाऊ दे.