वाऱ्याची चिठ्ठी

पुंता अरेनासमध्ये क्रेन वाऱ्याला विचारून उठते.
हे मी वेळापत्रकात कधी धरलंच नव्हतं.

वीस वर्षं माझं वेळापत्रक म्हणजे
सान्तियागोच्या ऑफिसातून येणारा लांबलचक तक्ता,
निळ्या पट्ट्या एकीखाली एक, जिन्यासारख्या,
आणि त्या जिन्यावरून कुणी चढल्याचं मी पाहिलं नाही.
सोमवारी विचारायचे, "शुक्रवारपर्यंत होईल?"
सगळे म्हणायचे, "होईल, बाई."
शुक्रवारी सुतार उभा, कारण खिडक्या अजून पुएर्तो मोंतच्या बोटीत;
वायरमन उभा, कारण भिंत नाही;
रंगारी उभा, कारण भिंत आहे पण ओली.
उभ्या माणसांची मजुरी
मी 'हवामान' या खात्यात टाकायचे.

मग ही शाळा आली.
मार्चच्या पहिल्या सोमवारी घंटा.
ती पुढे ढकलता येत नाही, मुलं तोवर वाढतात.

कंटेनरची आतली भिंत मोकळी केली,
कॅलेंडरवरची बाई उतरवली, थोडी कुरकुर झाली.
उजव्या टोकाला घंटा लिहिली
आणि म्हटलं, आता उलटं चालायचं.
घंटेआधी काय? बाकं.
बाकांआधी? फरशी.
फरशीआधी?
इथे तिघे एकदम बोलले, आणि तिघांचं वेगळं होतं.

ज्याचं काम त्यानंच लिहायचं, आपापल्या रंगात:
सुताराला पिवळ्या चिठ्ठ्या, वायरिंगला हिरव्या,
गिलाव्याला गुलाबी, यावर हसून झालं.
एक करडा गठ्ठा उरला.
येर्को म्हणाला, "तो वाऱ्याला द्या.
तोही आपला पोटकंत्राटदारच,
फक्त बिल पाठवत नाही."

नोल्बेर्तो मान्सिया, चिलोए बेटावरचा गिलावेवाला,
चिठ्ठी बोटांत फिरवत राहिला,
माल चोळून पाहावा तशी.
मग म्हणाला, "नाही होणार."

हीटरचा आवाज ऐकू यायला लागला.

"पूर्वेची भिंत नऊ दिवस सुकते.
तुम्ही चार धरता. दर वेळी चारच धरता."
मी म्हटलं, इतकी वर्षं बोलला का नाहीस?
"तुम्ही विचारलंत कुठे?
तुम्ही उत्तरच घेऊन यायचात,
मागे प्रश्नचिन्ह लावून."

त्या एका 'नाही'नं निम्मी भिंत सरकली.
रंगारी पश्चिमेकडे गेला,
वायरिंगच्या दोघी बहिणी छताच्या कामाला लागल्या,
बोटीला मी त्याच दुपारी फोन केला, पंधरवडा आधी,
जो मी नेहमी पंधरवडा नंतर करते.
आठवड्याअखेर दिलेले शब्द एकोणीस, पाळलेले अकरा.
अकरा मी मोठ्या अक्षरात लिहिलं.
उरलेल्या आठांपुढे कारण लिहिलं,
माणसाचं नाव नाही.

तिसऱ्या गुरुवारी वाळूच्या ट्रकवाल्यानं
न ठोठावता दार उघडलं.
ताशी सत्तरचा वारा आत आला
आणि जानेवारी-फेब्रुवारी दोन्ही जमिनीवर.

मी डोकं धरून बसले.
ते मात्र वाकले, आपापला रंग वेचला,
आणि मी तक्ता शोधेपर्यंत
एकेक चिठ्ठी जागेवर लागत गेली.
नोल्बेर्तोनं आपल्या लावल्या,
मग रंगाऱ्याचीही एक सरळ केली:
"ही नवव्या दिवसानंतर."

करड्यांपैकी एक सापडली नाही.
ट्रकवाला म्हणाला, बाहेर गेली असेल.
आम्ही शोधली नाही.
दुसऱ्या दिवशी क्रेन बंद होती,
आणि उभं कुणीच नव्हतं.