बर्फ, दोन लाद्या

चार नळ्या आल्या, करंगळीच्या पेराएवढ्या,
कोरड्या बर्फाच्या डब्यातून धूर सोडत.
डेंग्यूचे चार भाऊ. म्हणजे भाऊ नव्हेत,
त्यांचे नुसते अंगरखे,
दूर कुठेतरी पतंगाच्या पेशींकडून शिवून घेतलेले.
शेपटाला सहा मण्यांची गाठ,
त्या गाठीला निकेलचा गळ लावून
गढूळ रश्श्यातून ओढून काढलेले.
प्रत्येकी शंभर मायक्रोग्रॅम:
मिठाचे दोन कण, फार तर.
किंमत माझ्या तीन पगारांएवढी,
आणि पगार वेळेवर होतो तेव्हाची ही गोष्ट.

ऑक्टोबरात वीज गेली ती सोळा तास.
सबस्टेशनला म्हणे माकड चिकटलं.
जनरेटरचं डिझेल कुणी प्यालं, त्यावर चौकशी बसेल.
उणे ऐंशीचा फ्रीझर उणे पन्नास, उणे तीस,
आकडा एकेक पायरी चढत शून्याकडे निघालेला.
थर्मोकोलचा डबा स्कूटरवर पायाशी धरून
मी मिरकरवाड्याला गेले,
दिलावर होडेकराच्या बर्फाच्या कारखान्यात.
त्याचा जनरेटर धडधडत होता.
माशाला चौकशी परवडत नाही.

"काय हाय? सुरमय?"
"डेंग्यूचं हाय," मी बोलून गेले.
तो एक पाऊल मागे सरला,
लादी ओढायचा आकडा हातात तसाच.
जिवंत नाही ओ, मी घाईनं म्हटलं,
विषाणू नाहीच हा, त्याच्या अंगावरचं एक प्रथिन,
आत कोणी नाही.
तो डब्याकडे बघत राहिला.
"म्हंजे कुर्लीची कात," म्हणाला,
"नांग्याबिंग्या समद्या, आन कुर्ली नाय."
दोन पदव्या घेतल्या मी,
इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानं लादी फोडली, जाडं मीठ पेरलं,
थर थर थर, सुरमई भरतात तसं.
"मिठाबगर बर्फ म्हंजे
उशिरा येनारं पानी."
काटा उणे सतराला थांबला.
पैसे त्यानं घेतले, पावती फाडली:
बर्फ, दोन लाद्या, मासळीसाठी.

त्याची रुमाना ऑगस्टात गेली, सहाव्या दिवशी.
सुई मीच टोचली होती.
नळीचं झाकण लालच का, जांभळं नाही का,
असं तिनं विचारलं होतं,
आणि मी म्हटलं होतं, पुढच्या वेळी.
आमच्याकडे नावं पुसतात, आकडे ठेवतात.
ती एकतीस.
हे त्याला ठाऊक नव्हतं,
मला ठाऊक असायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी वीज आली. मी प्लेट लावली.
शहाण्णव खळगे, तळाला रिकामे अंगरखे,
वर एकेकाचं रक्तजल.
धुतलं, पुन्हा धुतलं, रंग टाकला.
काही खळगे निळे झाले, काही तसेच राहिले,
आणि आम्लाच्या थेंबानं निळे पिवळे.
एकतीसचा पिवळा सगळ्यांत गडद,
दुसऱ्या भावासमोर, आणि पहिल्यासमोरही.
म्हणजे आधी एकदा येऊन गेला असावा,
चौथीत वगैरे, तीन दिवस शाळा बुडाली असेल,
घरच्यांनी साधा ताप म्हटलं असेल.
असेल. प्लेटला नक्की सांगता येत नाही,
भाऊ एकमेकांसारखेच दिसतात.
पण तिच्या रक्तानं कात ओळखली,
ती नसताना, कुर्ली नसताना,
अडीच महिने गोठून राहून.

मी त्याला काही सांगितलं नाही.
सांगायचं तर काय,
पिवळा किती पिवळा, याचा आकडा?
डबा परत द्यायला म्हणून गेले
आणि धक्क्यावर होड्यांना बांधलेले टायर
एकेक लाथेनं कलते करत सुटले,
आतलं पाणी समुद्रात, आतल्या वळवळीसकट.
खलाशी हसले. एकानं मदत केली.

मार्चात ऑडिटवाले आले.
पावती वाचून चष्मा वर केला:
बाई, प्रयोगशाळेत मासळी?
होती, म्हटलं.
कुठे गेली?
मी म्हटलं, लिहा, संशोधनासाठी.