प्रगती समाधानकारक

पत्रात तिचं नाव ऋतुजा लिहिलंय.
ऋजुता आहे ती. ऋजुता पराते, वय सात,
राहणार गोळीबार चौक.
ऋजू म्हणजे सरळ. बारशाला मावशीनं सुचवलं होतं,
तिच्या पायांचं तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हतं.

खाली एकच ओळ:
‘प्रगती समाधानकारक असल्याने
थेरपीचे सहाय्य पुढील वर्षी देय नाही.’
समाधान कोणाचं झालं, ते लिहिलेलं नाही.

तीस दिवसांत अपील करा म्हणाले.
मे महिना. माझा सीझन.
अख्खं नागपूर कुलरला वाळ्याच्या ताट्या बसवून घेतंय,
फोन वाजून राहिला एकसारखा,
आणि मी पाना-पक्कड बाजूला ठेवून
कोऱ्या कागदासमोर.

शेजारचे निमजेकाका वकिलाकडे मुनशी होते.
म्हणाले, काय येतं ते लिहू नको बे.
काय येत नाही, ते लिही.

मग लिहिलं.
चमचा तोंडापर्यंत नेता येत नाही.
(नेते. निम्मा सांडते आणि हसते.)
स्पष्ट बोलता येत नाही.
(मला कळतं. तिच्या आईला कळतं.
गल्लीतल्या कुत्र्यालाही कळतं, बोलावलं की येतं.)
कंसातलं सगळं कच्च्या कागदावरच राहिलं.
पक्क्या कागदावर पोरगी ओळीओळीनं कमी होत गेली
आणि अर्ज भक्कम होत गेला.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर वैजयंती
पेन्सिलीनं सेकंद लिहिते, उभं राहण्याचे.
चार. चार. सहा.
तीन, त्या दिवशी ताप होता.
नऊ.
अकरा.
त्याची झेरॉक्स जोडायची नाही, काका म्हणाले.

सुनावणी सिव्हिल लाइन्सला, दुपारी दीडची.
सेहेचाळीस डिग्री. बाकावर आमच्यासारखेच दहा-बारा जण,
मांडीवर फायली, मांडीवर पोरं.
कोपऱ्यातला कुलर नुसता भणभणत होता,
आतून गरम वारा. आवाजावरूनच समजलं,
पंप जाम आहे, क्षार बसलाय.
मागची जाळी काढली, नाण्यानं खरवडलं,
पाणी ताटीवरून उतरायला लागलं.
शिपायानं पाहिलं. म्हणाला, बरं झालं जी,
एप्रिलपासून अर्ज दिला होता आम्ही.

आत साहेब चांगले होते. पाणी विचारलं.
आधी मी नाव दुरुस्त करून घेतलं.
बसता येतं? आधारानं, सर.
उभं राहता येतं?
नाही, मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं.
मग टेबलाची कड धरली, दोन्ही हातांनी,
आणि खुर्चीतून निघाली वर.
गुडघे लटपटत होते, स्प्लिंटचे पट्टे करकरत होते.
ती मोजत होती, तिच्या पद्धतीनं,
ए… दो… ती…
टायपिंग थांबलं. दारातला शिपाई थांबला.
मी आयुष्यात पहिल्यांदा मनात म्हटलं,
बस ना माय. बस आता.
आठ. नऊ.
बस.

चौदा.

साहेब हसले. मनापासून हसले, तेच वाईट.
शाब्बास, म्हणाले, आणि काहीतरी लिहिलं.
समोरच्या बाजूनं अक्षरं उलटी दिसतात,
मला एक शब्द लागला नाही.
निकाल पोस्टानं येईल.

खाली गाडीजवळ तिला रुमाल बांधून देत होतो.
तिनं माझी कॉलर ओढली.
बाबा, म्हणाली. नंतर बराच वेळ लागला तिला
तो एक शब्द जुळवायला.
खोटं?

उन्हात सीट तापली होती, मी तिच्यावर पाणी ओतलं.
तेवढ्यात फोन. मानेवाड्याच्या बाई,
कालपासून तिसऱ्यांदा:
पंखा फिरते हो भाऊ, हवा येते जोरात,
थंड काऊन नाही होऊन राहिलं?
येतो, म्हटलं. बघतो.