डोळा लागला

बांबोळीला, नर्सेसच्या हॉस्टेलात, दर गुरुवारी
जेवणाचं टेबल पुसून झालं की माझा वर्ग भरतो.
पाच जणी, सगळ्या केरळच्या.
दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीहून पेशंट येतात,
त्यांचं दुखणं कळावं एवढीच मराठी हवी, म्हणाल्या.

पहिला महिना मी सुटे शब्द दिले,
वाण्याकडच्या चिल्लरीसारखे: डोळा. ताप. दम. जीव.
बिन्सीने सगळे पाठ केले, आणि तिसऱ्याच रात्री
'ह्यांचा आत्ताच डोळा लागला' ऐकून
ड्रॉप्स घेऊन धावली.
म्हातारा घोरत होता.

तेव्हापासून शब्दाला एकटं सोडत नाही.
जुन्या केसपेपरांच्या कोऱ्या बाजूच्या पट्ट्या कापल्या.
ताप चढतो, ताप उतरतो, त्याच्या घरी जिना आहे.
चक्कर येते, न बोलावता.
दम लागतो. दम देतातसुद्धा,
पण तो मेट्रन देते, शेर्ली म्हणाली,
आणि हशा पिकला.
हशा कसा पिकतो, टीचर? आंबा आहे?
माहीत नाही बाई. पिकतो.
आमच्यात तो दुसरं काही करतच नाही.

डोळ्यांच्या पट्ट्या सगळ्यांत जास्त झाल्या.
डोळे येतात. डोळे भरतात. डोळे फिरतात.
कुणी वाटेकडे डोळे लावून बसतं.
एक पट्टी मी दुमडून दिली: डोळे मिटले.
ही नुसती ओळखा, म्हटलं. बोलायची डॉक्टरांनी.

मागच्या गुरुवारी बिन्सी उशिरा आली. चहा नको म्हणाली.
सतरा नंबरचे गवस आजोबा, कोलझरचे,
पहाटे तीनला गेले.
बाहेर बाकावर आजी एकटीच.
मुलगा सकाळच्या पहिल्या कदंबाने यायचा होता.
आजीने विचारलं, कसे आसत?
"मला दोन्ही पट्ट्या आठवल्या, टीचर.
मी म्हटलं, डोळा लागलाय."
बरां झालां गे बाय, आजी म्हणाली,
आणि पिशवी उशाला घेऊन तिथेच लवंडली,
पाच रात्रींनंतर.

चुकलं का?

वाक्य तिने वहीत लिहून आणलं होतं.
काळ बरोबर. लिंग बरोबर. ळ सुद्धा नीट वळलेला.
लाल पेनाचं टोपण मी आधीच काढून बसले होते.
किचनमध्ये कुणीतरी ताटं रचत होतं,
एकावर एक, खूप वेळ.

मी म्हटलं, पुढची पट्टी घ्या.
धीर.
धीर देतात, धीर धरतात...
सुटतो, लिजीने मागून जोडलं.